चौकोनातलं अक्षर

कचेरीतल्या प्रिंटरला थंडी वाजते म्हणून
इगुप्ताक रात्री त्याच्या अंगावर
आपला जुना पार्का टाकून जाते.
सकाळी तो उचलते, चहा ओतते,
पेनाचं टोपण दातांनी काढते
आणि कामाला लागते.

एकोणीस वर्षं.
जन्माचा दाखला, मासेमारीचा परवाना,
दवाखान्याची चिठ्ठी, पोरांचं प्रगतिपुस्तक.
कागद ऊबदार बाहेर येतो
आणि ओळीत कुठेतरी एक रिकामा चौकोन.
जीभ पुन्हापुन्हा तिथेच जाते,
दात पडलेल्या जागी जाते तशी.

इनुक्तितुत येतं प्रिंटरला, बरंचसं येतं.
पण या खाडीकाठचा तो एक उच्चार,
जीभ टाळूकडे वळते
पण टेकत नाही,
वाऱ्याला मधून जाऊ देते,
तो कुणी मोजणीत धरलाच नव्हता.

इथे डोळ्याला म्हणतात इऱी.
म्हणजे डोळाच लिहिता येईना.
औषधाच्या कागदावर यायचं:
उजवा चौकोन लाल,
थेंब दिवसातून तीनदा.
ऊकपिक म्हातारा खोकला येईस्तोवर हसला.
'बरं झालं, तोंडाला खिडकी आली.
काच तेवढी पुसून द्या.'

इगुप्ताक हसली नाही.
तिनं चौकोनात शाईनं अक्षर भरलं,
मग पुढच्या कागदात, मग पुढच्या.

या लिपीत काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही.
अक्षर नुसतं तोंड फिरवतं
आणि स्वर बदलतो.
'प'च्या घरात वर पाहिलं की पि,
उजवीकडे वळलं की पु, डावीकडे प.
लांबवायचं असेल तर डोक्यावर एक टिंब.
एवढंच. पण वळायला
आधी उभं राहायला जागा लागते ना!

दूर कुठल्याशा समितीनं विचारलं:
असं अक्षर आहे, याला पुरावा काय?
तेव्हा वस्तीनं घरं उचकली.
तेलकट प्रार्थनापुस्तक निघालं,
साखरेच्या पोत्यावरचा हिशेब,
एका कमुतिकच्या आडव्या फळीवर
सुरीनं कोरलेलं मालकाचं नाव,
टेकडीवरचा एक क्रूस, अर्धा बर्फात.
इगुप्ताकनं हातमोजा काढून फोटो घेतले.
चौथ्या फोटोला बोटं बधिर झाली,
तो फोटो हललेला आहे.
तोही पाठवला.

मग पत्रं. मग मोठी शांतता.
ऊकपिक त्याच शांततेत गेला.
त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावरही
चौकोन आला होता,
आणि त्या दिवशी
शाई गोठली होती.
तिनं पेन काखेत धरून वितळवलं.

एका रात्री उपग्रहावरून
फाइल उतरत राहिली, थेंबथेंब, पहाटेपर्यंत.
अक्षराला पत्ता मिळाला होता,
आकडे आणि रोमन अक्षरं मिसळलेला,
उभ्या जगात दुसऱ्या कुणाचाच नसलेला.

सकाळी पार्का उचलला. कागद आला.
इऱी.
सगळं जागच्या जागी.
टोपण तिच्या दातांत, पेन हातात,
आणि भरायला काही नाही.

तिसरीतली निविआक फॉर्म घ्यायला आली होती.
या पोरांनी कागदावरूनच ते अक्षर शिकलेलं,
वहीत आधी पट्टीनं चौकोन आखतात,
मग आत अक्षर काढतात, नीट,
रेघेला न लावता.
ती कागदाकडे बघत राहिली.
'याचं घर कुठं गेलं?'

इगुप्ताकनं टोपण लावलं.
'बाहेर पडलंय,' म्हणाली,
'शिकारीला.'

मग चष्मा पुसून कागद खिडकीशी धरला,
बराच वेळ धरला,
आणि समितीला कळवायला बसली:
लांब स्वराचं टिंब
केसभर डावीकडे सरकलं आहे.